पुसा आणि पुन्हा काढा

कोथरूड, ऑगस्ट २००१

चि. वल्लरी,

कारखान्यानं बाबांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली, तेव्हा तू फोनवर मला बजावलं होतंस, "आई, बाबांना कशावरूनही बोलू नकोस." मी शब्द पाळला. भाजी जून आणली तरी छान, नळ दुरुस्त करताना मोडला तरी छान.

अशात ते जपानी शिकायला लागले. अठ्ठावन्नाव्या वर्षी! शेजारचे विचारतात, तिकडे नोकरी लागली का? मी विचारलं, तर म्हणाले, "वेळ जातो." वेळ काय, टीव्हीपुढेही जातो. त्यासाठी पहाटे उठून अक्षरं कशाला गिरवायची? मला काही उलगडेना.

काल क्लासहून आले ते खुशीतच. "आज बाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं. अक्षर बरोबर होतं गं, पण रेघा उलट्या क्रमानं काढल्या होत्या. म्हणाल्या, पुसा आणि पुन्हा काढा!" बाई तुझ्याच वयाच्या. स्वतःची फजिती इतक्या हौसेनं सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता.

मग लक्षात आलं. वर्षभरात त्यांना कुणी 'चुकलं' असं म्हणालंच नव्हतं. जणू त्यांच्याकडून काही बरोबर होईल, ही अपेक्षाच आपण सोडली होती.

हे पत्र पेटीत टाकायला त्यांच्याकडेच द्यावं लागेल आणि ते आधी वाचतील, म्हणून लिहून झालं की कपाटातच ठेवेन.

आज सकाळी त्यांनी केलेल्या चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. म्हटलं, "अहो, हा काय चहा आहे? नुसतं साखरेचं पाणी. पुन्हा करा."

शीळ घालत उठले.

तुझी,
शब्द मोडलेली आई