समोरची वाटी

वाशी, १२ ऑक्टोबर १९८६

लिहिण्याजोगे काही नसताना लिहिते आहे; या वहीने क्षमा करावी.

मैत्रीण सुधा कलकत्त्याला नांदायला गेली. तिने पत्रात वर्णिलेले डिम सम, म्हणजे वाफवलेले चिनी मोदक, शोधत आज एकटीच चायनीज हॉटेलात गेले.

“ते इकडं नाय मिळत, ताई. सूप घ्या,” वेटर म्हणाला.

कार्डावर ‘वन बाय टू’ होते. अर्धे सूप असा अर्थ लावून मागवले, तर त्याने दोन वाट्या मांडल्या.

“दुसरं कोण येतंय?”

“मैत्रीण,” मी खोटेच बोलले.

माझी वाटी संपली. समोरची निवत राहिली. गणितात पहिली येणारी मी, भागायला दुसरे माणूस लागते हे कसे विसरले?

सुधाला एवढेच लिहिले: “ये. तुझी वाटी निवते आहे.”

पत्र पेटीत टाकले: आजच, रविवारी, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.