मानवतच्या त्या धुडाबद्दल

शिवकांता,

तुझा अप्पा मायला घेऊन सकाळच्या एसटीनं गुडघ्याच्या डॉक्टरकडं गेलाय. भाकरी टोपल्यात हाय.

मानवतच्या व्यापाऱ्याची ती जुनी धिप्पाड गाडी काल तू त्यालाच संगं घेऊन दाखवायला आणलीस, तवापासून अप्पाला शिसारी आलीय. गल्लीत वळंना, तवा तिनं गवळ्याच्या म्हशीला विचारलं, "बाई, तू कशी वळतीस?" पंपवाला तर तिला बघून जावई आल्यागत उठून उभा राहिला. इंजिनाचा धोक्याचा लाल दिवा जळत होता, तर व्यापारी म्हणतो, "काका, तो कायमच जळतो." थू! लंगडा बैलसुद्धा कुणी इतक्या बेशरमीनं खपवत न्हाई.

हेही हसून सोडलं असतं. पण माय पाटावर चढली, दाराला लोंबली, तरी तिचा पाय आत गेला न्हाई. अन् तू बॉनेटला विभूती लावत म्हणालास, "सवय होईल."

म्हणून गाडी नावावर करायला लागणारं तुझं आधार कार्ड अप्पाच्या खिशात हाय. व्यवहार मोड. कमी पिणारी, भरवशाची, बुटकी गाडी बघ. माय बाजेवर बसल्यागत तिच्यात बसली, की कार्ड मिळंल.

एसटीची पायरीही उंचच असते म्हणशील. असते. पण तिथं कंडक्टर हात देतो.

— तुझा अप्पा