सणाच्या आदल्या दिवशीची अंघोळ

प्रिय ह्ये-वन,

सोदामनं खाजवू नये म्हणून तिला पुन्हा हातमोजे बांधून झोपवावं लागतं, हे जावईबापूंकडून कळलं. तू फोनवर हे बोलली नाहीस. सांगून तरी मी काय करणार होते म्हणा.

दोन वर्षं पोरीनं सुया टोचून घेतल्या. धुळीतल्या ज्या किड्यांनी तिची कातडी पेटते, त्यांचाच अंश थोडाथोडा देऊन अंगाला सवय लावायची, असं तू मला समजावलं होतंस. मी हसले होते, विषाची कसली सवय लावता म्हणून. पण या उन्हाळ्यात तिची कोपरं साफ झाली. तिनं बिनबाह्यांचा फ्रॉक घातला. मग छुसॉकच्या सणाच्या आदल्या दिवशी तिचा श्वास कोंडला. कारण सापडेना, म्हणून डॉक्टरांनी उपचारच थांबवले.

इथे किमची घालून झाली. तुझा डबा भरून ठेवलाय. पाठवू की नको, कळत नाही.

त्या दिवशी सुई देऊन तू तिला थेट माझ्याकडे सोडलंस. दारातच दोनदा बजावलंस, "आई, आज गरम पाणी नाही, पळापळ नाही." मी म्हटलं, "हो गं बाई, बहिरी नाही झाले अजून." तू कामावर परत गेलीस. आत थोरल्या जाऊबाई सणासाठी तांदळाच्या पिठाचे सोंगप्यॉन वळत होत्या. सोदामची मान बघून म्हणाल्या, "नात आहे की वाळवलेली मासळी? उद्या पितरांपुढे अशीच उभी करणार?"

सणाआधी मी तुलाही न्यायचे, तशी तिला गावच्या सार्वजनिक हमामात अंघोळीला घेऊन गेले. गरम हौदात बसवलं. खरखरीत कापडानं मळ निघेपर्यंत घासलं. "आजी, आई रागावेल." "आईला कोण सांगतंय?" मी म्हणाले. घरी पोचेपर्यंत तिचे ओठ सुजले होते.

इस्पितळात डॉक्टरांनी मलाच विचारलं, "आजी, सुईनंतर वेगळं काही घडलं?" मी म्हणाले, नाही, घरीच होतो. सोदामनं माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान डोलावली. नऊ वर्षांची पोर दोन महिने माझं खोटं सांभाळते आहे. डॉक्टरांना हे सांग. कारण कळल्यावर ते पुन्हा सुरुवात करतील की नाही, मला ठाऊक नाही. पण आधी सोदामला सांग, आजीनं स्वतःच लिहून कळवलंय. तिला आता गप्प राहायला नको.

तुझीच म्हणायला धजत नाही,
आई