डाव्या पायाचा जोर

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार
आज दोनदा पडले. दुसऱ्यांदा डोक्यावर. हेल्मेटला चीर. उस्ताद लांबूनच ओरडले, "जिंदा है ना? मग ऊठ." घोडदळातून निवृत्त झालेला माणूस, उचलायला कधी येत नाही. पायाचा कॅलिपर खोगिरावर चालत नाही, तो कुंपणाला टांगलेला. म्हणजे चिमणीच्या रिकिबीला लोंबकळूनच उठायचं. घोडी हलली नाही. शर्यतीतून काढून टाकलेलं एवढं थोराड जनावर, हिला चिमणी नाव कुणी दिलं कोण जाणे.
उद्या कारखान्यात पहिली पाळी. अंबडला दिवसभर बसून बेअरिंगच्या कड्या मापात आहेत का बघायचं. पोलिओ झालेली म्हणून बसून काम दिलं. बसणंच तर जमत नाही.

२४ नोव्हें.
नाना आले. मनमाडहून ड्यूटी संपवून तसेच, रेल्वेच्या पॉइंट्समनच्या खाकी कपड्यात. पहिल्यांदाच मैदानावर आले. तासभर कुंपणापाशी उभे. नंतर चहा पिताना:
"उडी नाय, शर्यत नाय. मग घोडं करतं काय?"
"चालतं, नाना. सांगितलं तिथं वळतं, सांगितलं तिथं थांबतं. ते किती सरळ, किती सुरेख, याचे गुण. ड्रेसाज म्हणतात."
"म्हंजे चालायचे गुण."
माझ्या उजव्या पायाकडे बघितलं, आणि लगेच दुसरीकडे. आई काय म्हणते विचारलं तर म्हणाले, "ती काय म्हणणार. लग्नाचं म्हणते." गेले.

१२ जानेवारी ९७
उस्तादांची युक्ती जमायला लागली. उजवा पाय मेलेला, डावा अर्धा जिवंत. घोड्याला दोन्ही पायांनी सांगावं लागतं, म्हणून उजवीकडे छडी. मारायची नाही, टेकवायची. छडी टेकली की चिमणीनं समजायचं, पाय लागला. तीन महिने तिला समजत नव्हतं. आज समजलं. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, तिरकी, एकसारखी, वहीवर रेघ मारावी तशी.
उतरवेना. उस्तादांनी शेवटी लगाम हातातून काढून घेतला.

९ फेब्रु., पुणे
स्पर्धेत छडी चालणार नाही म्हणाले. नियम. उस्ताद भांडले. "साहेब, ती छडी नाही, तिचा पाय आहे." परीक्षक म्हणाले, सगळ्यांना एकच नियम.
तशीच मैदानात उतरले. दोन वळणं नीट गेली. तिसऱ्याला चिमणी उजवीकडे कलली, आणखी कलली, अडवायला काही नाही, सरळ चौकटीच्या बाहेर. घंटी. बाद.
टाळ्या वाजवल्या लोकांनी. बाद झालेल्याला टाळ्या वाजवत नाहीत. मला वाजवल्या. तशीच घोडी गाडीत चढवायला गेले.

१० फेब्रु.
उ. म्हणाले, रडायचं असेल तर खरारा करता करता रड. रडले नाही. नियमाचं पुस्तक मागवते.

३ मार्च ९९
दोन वर्षं वही बंद होती. लिहिण्यासारखं नव्हतं, पत्रंच चालली होती. दहा-अकरा पत्रं, डॉक्टरांचे दाखले, फोटो. आता छडीला परवानगी आहे. लेखी.
देवळ्याचे शेठ, ज्यांची चिमणी, येऊन गेले. कांद्याचा हंगाम सोडून खास आले. "पोरी, विकणार होतो हिला. नाय विकत. तू बस."

१९ डिसेंबर ९९, पुणे
पहिली आले. धडधाकट सतरा जणांत पहिली. तेच परीक्षक. त्यांनी हात मिळवला.
दिल्लीचे एक गृहस्थ भेटले. अपंग घोडेस्वारांचा संघ परदेशी न्यायचाय. त्या संघाचे मॅनेजर हेच. म्हणाले, तिकडे आपला घोडा नसतो, तिथला मिळेल तो घ्यायचा. चार दिवस ओळखीला.
म्हणजे चिमणी नाही. परतीच्या वाटेवर सारखं हेच डोक्यात. जिंकलेलं विसरूनच गेले.

११ जुलै २००१, इंग्लंड
थंडी. जुलैत! मिळालेला घोडा करडा, म्हातारा, सज्जन. छडी त्याला आधीच कळते. शिकवावं लागलं नाही, त्याचंच वाईट वाटलं.
उद्या डॉक्टरांची तपासणी. कोण किती अपंग ते ठरवून गट पाडतात. पायात ताकद कमी निघाली तर सोपा गट, फक्त चाल आणि दुडकी. जास्त निघाली तर वरचा गट, त्यात कँटर पण. कँटर म्हणजे दुडकीच्या पुढची, उसळती. ती माझी कच्ची आहे. सगळ्यांना माहीत आहे.
मॅनेजर जेवताना शेजारी येऊन बसले. "बायाँ पैर जरा ढीला छोडना. हीरो मत बनना. सब करते हैं."
मी भात चिवडत बसले.

१२ जुलै
टेबलावर आडवी. डॉक्टरीणबाई, पांढरे केस, हात गरम. उजव्या पायाला नुसता स्पर्श केला, पुढे गेल्या. डाव्या मांडीवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, पुश.
मी पुश केलं.
आता इथे खरं लिहायचं. दुसरं कुणी वाचणार नाही. मी पूर्ण जोर लावला का? प्रवासात पाय सुजला होता, ते खरं. रात्री पेटका आला होता, ते खरं. पण जोर लावताना मॅनेजरांचं वाक्य आठवलं, तेही खरं. आठवल्यावर पाय सैल पडला, का आधीच पडला होता?
त्यांनी जोराला पाचपैकी तीन लिहिलं. चार लिहिलं असतं तर वरचा गट.
सोपा गट मिळाला.

१५ जुलै
सुवर्ण. करड्याने एक पाऊल चुकवलं नाही.
झेंडा वर गेला. मी रडले, सगळ्यांना वाटलं आनंदानं. आनंद होताच. नव्हता असं नाही.
दुसरी आली ती इथलीच मुलगी, तिचे दोन्ही हात वळलेले. तिनं मिठी मारली. मला तिच्याकडे बघता येईना.

२९ जुलै, मनमाड
स्टेशनपासून घरापर्यंत ताशे. नानांनी रजा काढलेली, फेटा बांधलेला. येईल त्याला सांगत होते, "माझी पोरगी. चालण्यात जगात पहिली." लोक हसायचे, तेही हसायचे. आईनं औक्षण केलं. लग्नाचा विषय नाही! चौदा वर्षांत पहिल्यांदा.
सत्काराच्या भाषणांत 'जिद्द' हा शब्द मोजला. एकवीस वेळा. त्यानंतर मोजणं सोडलं.

२० ऑगस्ट
नाना रेल्वेच्या खेळाडू कोट्याचा फॉर्म घेऊन नाशिकला आले. मनमाडलाच क्लार्कची जागा. कायम. सोबत सुवर्णपदकाचं प्रमाणपत्र जोडायचं.
"भरते," म्हटलं.
"आत्ता भर. मी बसतो."
"नंतर भरते, नाना."
"का?"
मी चहा ठेवायला उठले. नाना तासभर बसले. निघताना म्हणाले, "पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट करून दिली. एक गाडी आपली आली, तर तू उभीच." फॉर्म पलंगावर ठेवून गेले.

२३ ऑगस्ट
उस्तादांना सांगितलं. सगळं. ते नाल बघत होते, चिमणीचा पाय मांडीवर घेऊन. मान वर केली नाही.
"चोरी की?"
"माहीत नाही. तेच तर. केली असती तर सांगितलं असतं केली म्हणून."
पाय खाली ठेवला. हात धुतले. सायकल काढली आणि घरी गेले.

२४, २५ ऑगस्ट
उस्ताद बोलत नाहीत. शिकवतात, बोलत नाहीत. हातानं खुणा. कामावर एक अख्खी पेटी चुकीची पास केली. सुपरवायझर म्हणाले, चॅम्पियन, लक्ष कुठंय? मापात आहे का नाही एवढंच तर बघायचं.

२६ ऑगस्ट
मी चिमणीवर बसल्या बसल्या उ. आले, मैदानाच्या मधोमध उभे राहिले.
"कँटर."
"आत्ता?"
"तुला माहीत नाही ना पायात किती जोर आहे? मग बघू या. पाय सांगेल."
तेवढंच. अकरा वेळा प्रयत्न. एकदा तीन ढांगा मिळाल्या.

१४ ऑक्टो.
कँटर. उजवीकडे बरी, डावीकडे नाही. घर, कंपनी, मैदान, परत घर. एका जागी दहा मिनिटं बसवत नाही. आई आलीये राहायला, म्हणते, "तुझ्या अंगात काय शिरलंय? जिंकलीस ना एकदाची?"
फॉर्मची तारीख उद्या संपते.

१५ ऑक्टो.
नाही भरला.

१६ ऑक्टो.
नानांचा फोन, शेजाऱ्यांकडे. "संपली तारीख?" "हो." मागे गाडीची घोषणा ऐकू येत होती. मग म्हणाले, "जेवलीस का?" आणि ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ जानेवारी २००२
पडले. कँटरला, डावीकडच्या वळणावर. गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे बंद. डाव्या हातानं लिहितेय, म्हणून अक्षर हे असं.
उस्ताद दवाखान्यात आले. पहिल्यांदाच उचलायला आले होते म्हणे, मला शुद्ध नव्हती.
"बस झालं बेटा," म्हणाले. "मीच तुला भरीला घातली. मीच म्हणतो, बस."
मी म्हटलं, वळणाच्या आधी पाय लागला होता. डावा. नीट लागला होता. घोडीनं ऐकलं होतं.
"मग पडलीस कशी?"
"जास्त जोर लागला."
ते हसायला लागले. मलाही हसू आलं, हाड दुखलं.

१० मार्च
नानांना सांगितलं. मनमाडला जाऊन, समोर बसून. कोटा, तपासणी, मॅनेजर, सगळं.
"कुणी बघितलं का तुला?"
"नाही."
"कुणी तक्रार केली?"
"नाही."
"मग तुझं तूच कशाला...?" वाक्य सोडून दिलं. अंगणात गेले. परत आले. "मला पटत नाय. सांगून ठेवतो. घरात आलेली नोकरी होती." मग आईला म्हणाले, हिला पिठलं कर, आवडतं हिला.

१७ मार्च
इंग्लंडच्या समितीला पत्र टाकलं. माझी तपासणी पुन्हा करा. कारण लिहिताना चार कागद फाडले. शेवटी एकच वाक्य ठेवलं: माझ्या डाव्या पायात तेव्हा लिहिल्यापेक्षा जास्त ताकद असावी असं मला वाटतं.
मॅनेजरांना आधीच कळवलं होतं, आज दिल्लीहून त्यांचा फोन. "पागल हो गई हो?" संघातून काढलं तर आपल्या खर्चानं जावं लागेल म्हणाले. शेठना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, कधी जायचंय.

५ जून
उत्तर आलं. सभ्य, थंड. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेआधी तपासू. वरचा गट ठरला तर आधीच्या निकालाचा पुनर्विचार होऊ शकतो.
'होऊ शकतो'. हेच दोन शब्द घेऊन एक वर्ष काढायचं.

२ एप्रिल २००३
कँटर दोन्हीकडे. सुरेख नाही. पण आहे. चिमणीचे गुडघे दुखायला लागलेत, रोज अर्धाच तास. उ. तिला हळदीचा लेप लावतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

९ जुलै २००३, इंग्लंड
सकाळी तपासणी झाली. डॉक्टर यावेळी तरुण, घाईत. तळवा डाव्या मांडीवर. पुश.
केलं. त्यांनी लिहायला पेन उचललं.
मी म्हटलं, थांबा. वन्स मोअर.
त्यांनी बघितलं माझ्याकडे. बहुतेक लोक असं म्हणत नसावेत. परत तळवा ठेवला. मी डोळे मिटून पुश केलं, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून. तिसऱ्यांदाही. मग त्यांनी लिहिलं आणि कागद उलटा ठेवला. यादी चारला लागेल.
आत्ता पावणेतीन. पाय अजून थरथरतोय. बसवत नाही, म्हणून तबेल्यात आले. यावेळी मिळालेली घोडी काळी, सात वर्षांची, तापट. मालकीणबाई सत्तरीच्या असतील. त्यांना विचारलं, ही छडीवर कँटर धरते का? इंग्रजी अडखळलं, म्हणून छडी माझ्याच मांडीवर टेकवून दाखवली.
"शी हॅज नेव्हर बीन आस्क्ड," म्हणाल्या. हिला असं कधी कुणी विचारलंच नाही.
आणि लगाम माझ्या हातात दिला.