वरच्या वाडीत माणसं उभी राहिली

रवि., ५ जाने.
कुडपण. वरची वाडी अखेर पाहिली. चढ चांगलाच. ह्यांचा गुडघा वाटभर कुरकुरत होता, पण आले. घरांची नुसती जोती उरलीत. छपरं गेली, दारांच्या चौकटी मात्र ताठ. एका भिंतीतून उंबर उगवलाय. भिंतीनं त्याला धरलंय की त्यानं भिंतीला, कळेना. एका चौकटीतून ऊन आत येऊन थेट चुलीवर! इतका चांगला फोटो मी आजवर काढला नव्हता.

खाली गावात उतरलो तर एका बाईनं कॅमेऱ्याचा पट्टाच धरला. "पुसायचं व्हतं ना गो. माजं घर हाय ते." शेवंताकाकू. मागच्या वर्षी मुंबईची दोन पोरं अशीच न विचारता वर गेली, 'भुतांची वाडी' म्हणून व्हिडिओ टाकला. "माज्या मनीषाचं जमलेलं मोडलं. भुताच्या घरची पोर नको म्हनले."

तिच्या डोळ्यांदेखत सगळे फोटो पुसले. चुलीचासुद्धा. परतताना ह्यांनी पोलादपूरला थांबून चहा पाजला.

सोम., ६ जाने.
शाळेतून आल्यावर तो व्हिडिओ शोधला. हिरवट उजेड, कुठल्या तरी किंकाळ्या चिकटवलेल्या. काकूंच्या चुलीवर कॅमेरा रोखून पोरगा कुजबुजतो, इथं अजूनही कुणीतरी जेवण शिजवतं. अंगाचा तिळपापड. फोन आदळलाच असता.

मंगळ., १४ जाने., संक्रांत
कुडपणला गेले. तिळगूळ नेला, कॅमेरा मुद्दाम घरी. काकूंनी पडवीतच बसवलं. वाडी का सोडली, विचारलं.
"भूत कसलं! शिमगा आला की झरा आटायचा. हंडे घेऊन दरी उतरायची नि परत चढायची. खाली रस्ता आला, नळ आला, आमी खाली आलो. येवडंच."
मनीषा शिवणयंत्रावर होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, फोटो काढा तुम्ही. पण रिकाम्या घरांचे नको. ज्याचं घर, तो त्यात उभा पाहिजे."
मला का नाही सुचलं हे?
काकू: "मी नाय यायची." तिळगूळ मात्र घेतला.

रवि., १९ जाने.
काय दिवस!!
मनीषानं घराघरांत सांगितलं होतं. चार-पाच घरची येतील असा माझा अंदाज. अख्खी वाडी चढली. तुकारामकाका आपल्या जोत्यावर असे उभे, जसे पाहुण्यांना या-बसा म्हणतायत. दोघे भाऊ भिंत कुणाची यावर भांडले, मग त्याच भिंतीला टेकून फोटो काढून घेतला. हसून हसून कॅमेरा हलला.
सगळं आटोपलं, उतरायला लागलो, आणि काकू येताना दिसल्या. लग्नकार्यातलं लुगडं, हातात खराटा. आधी आपलं अंगण झाडलं. पाचोळा, काटक्या, त्या पोरांची पाण्याची बाटली, सगळं बाहेर. मग चौकटीत येऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा केला.
"आता काढ."
काढला.

रवि., ९ फेब्रु.
गावच्या देवळात प्रदर्शन. दोऱ्यांना चिमटे लावून फोटो, खाली प्रत्येक घरवाल्याचं नाव मनीषाच्या अक्षरात. म्हाताऱ्या फोटोंना हात लावून बघत होत्या, मी ना म्हटलं नाही.
मनीषानं तेच फोनवरही टाकले: 'ही आमची घरं, ही आम्ही.' वाडीची मुंबईतली माणसं दिवसभर फोन करतायत. माझं घर राहिलं म्हणून एक जण रुसला! संध्याकाळी मनीषाला व्हिडिओवाल्या पोराचाच फोन. व्हिडिओ काढून टाकला म्हणाला, सॉरी म्हणाला. काकूंनी फोन घेतला. "सॉरी नको. हितं ये नि पोरीसमोर बोल."
ह्यांनी घरी येऊन काकूंचा फोटो आमच्या दर्शनी भिंतीवर लावला. विचारलंसुद्धा नाही मला.

शनि., १ मार्च
मनीषाचा फोन. मोडलेल्या स्थळाकडून मामाच्या हाती निरोप. फोटो पाहिले, चूक झाली, पुन्हा बसून बोलू. काकू हरखल्यात. मनीषानं उलट निरोप धाडला: बोलायचं तर वरच्या वाडीत, आमच्या जुन्या घरी या. मुलाची आईसुद्धा.
तयार झाले! उद्या सकाळी चढणार. काकूंनी पाण्याची कळशी नि घोंगडी आजच वर पोचवली. मलाही बोलावलंय.
मी विचारलं, "मग, होकार देणार का गं?"
"बघू बाई. आधी त्यांना दम तर लागू दे."