नुसतं डोकावलं होतं

३ फेब्रुवारी २०२५
आलो एकदाचे जयपुरात! नवऱ्याला, कौशिकला, छावणीत क्वार्टर मिळालं आणि मला सी-स्कीमजवळच्या हॉस्पिटलात इमर्जन्सीची नोकरी. आमचे प्रमुख शेखावत सर मोठे दिलखुलास. पहिल्याच दिवशी त्यांनी कोरी वही हातात ठेवली. श्वास अडलेल्या पेशंटच्या घशात नळी कितव्या प्रयत्नात गेली, ते लिहायचं. मला असली कामं फार आवडतात. पहिल्या पानावर मी नियमच लिहून टाकला: घसा बघायचं पोलादी पातं तोंडात गेलं की एक प्रयत्न, नळी जावो न जावो.

७ फेब्रुवारी
बस्सीहून अपघातातली लता आली, वय बावीस. मी पातं घालून डोकावले तर नुसतं रक्त. लगेच बाजूला झाले, सरांनी नळी घातली. सिस्टर सुमनजींनी वहीत ‘प्रयत्न एक’ लिहिलं.

१० फेब्रुवारी
लता गेली. फार वाईट वाटलं.
चहा पिताना सुमनजींनी इथली रीत सांगितली. फसलेले प्रयत्न धरतच नाहीत. म्हणून गेल्या वर्षी शंभरातले सत्त्याण्णव पहिल्याच फटक्यात! डोकंच फिरलं माझं. जुने केसपेपर काढायला लावलेत.

१३ फेब्रुवारी
भर दुपारी जुने केसपेपर वाचताना जिभेवर गार पोलाद टेकलं. पातंच. तोंडात काही नव्हतं, पण ओठ फुटला होता. हातातल्या केसचे तिन्ही प्रयत्न वहीत उतरवले, तेव्हा घसा सुटला.

१५ फेब्रुवारी
प्रत्येक केसला तेच. लिहीपर्यंत दाबतं, लिहिलं की सोडतं. भीती वाटते, खोटं कशाला बोलू?
सर म्हणाले, सोमवारी गेल्या वर्षीच्या आकड्यांचा रिपोर्ट जायचाय, सही करा. वर हसून, “मैडम, जो नली गई, वही गिनते हैं.”
मी म्हटलं, मी सगळे मोजणार, मला खुशाल नोकरीवरून काढून टाका.

१७ फेब्रुवारी, सकाळ
एक्केचाळीस केस झाल्या. सही केली नाही, करणारही नाही. पेपर संपले — तरी पातं निघत नाही. दात हलतोय. कोण राहिलंय?

दुपार
सुमनजी म्हणतात, ओठ निळे पडलेत —
कळलं. केस जुनी नाही. माझीच —
सरांनी वही हिसकावली. हरकत नाही, इथे लिहिते. दाब किती दाबायचं ते —
लता, बस्सी. प्रयत्न दोन. एक नाही, दोन.
पहिला फसला. करणारी: डॉ. ज्ञान—