नावेवरचे ओरखडे

ज्येष्ठ, शनिवार. रात्री, जेवणानंतर.

पुराची नाव आज तयार झाली. गावाची ही फायबरची नाव पावसाळ्याआधी घासायची नि मेण चढवायचं, हे काम माझंच. अशी लखलखीत केलीय की कृष्णामाईनं तीत तोंड बघावं. पण जिवाला चैन नाही.

नावेच्या काठाजवळचे ते ओरखडे. मागच्या पुरात सुमननं दोन्ही पोरं आधी नावेत चढवली, स्वतः काठ धरून पाण्यात राहिली, आणि हात सुटला. तिच्या पाटल्यांचे ओरखडे ते. तिचा नवरा दादू रोज घाटावर येतो, त्यांवरून बोट फिरवतो नि जातो.

सकाळी म्हणाला, "आवं चाचा, एवढं तरी ऱ्हाऊ द्या की."

"ओरखडा उघडा ठेवला तर पाणी मुरतंय रं त्यात. उद्या पुरात नाव दगा देईल, मग?"

"मग तुमीच बघा."

बघितलं. घासून काढायला हात धजला नाही. पाण्यासारखं नितळ रेझिन त्यांत भरलं, वर पॉलिश. काचेखाली ठेवल्यागत ओरखडे जसेच्या तसे. लय समाधान वाटलं.

सांजच्याला दादू आला. बोट फिरवलं. परत फिरवलं.

"दिसतंय चाचा. पण हाताला लागत न्हाई."

मग मी काय राखलं? नाव राखली, एवढं खरं.

घरातनं जेवायची हाक आली. ताटावर बसलो, तर माझंच बोट ताटाच्या कडेवरून फिरतंय. काहीतरी लागेल म्हणून.